अधूनमधून दगा देणारे ग्राफिक्स कार्ड : दोष शोधणे, सिद्ध करणे आणि वॉरंटीत बदलून घेणे

पूर्णपणे निकामी झालेल्या ग्राफिक्स कार्डाची वॉरंटी मिळवणे तुलनेने सोपे असते. असे कार्ड लावल्यावर पडद्यावर काहीच येत नाही आणि सेवा केंद्रातल्या माणसाला ते लगेच दिसते. खरा त्रास देते ते अधूनमधून बिघडणारे कार्ड. ते तासभर उत्तम चालते, मग अचानक पडदा काळा होतो, संगणक पुन्हा सुरू केला की सारे सुरळीत होते, आणि सेवा केंद्रात नेल्यावर ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन ते घरी परत येते. अशा प्रकरणाचा निकाल बहुतेक वेळा कार्ड सेवा केंद्रात पोहोचण्यापूर्वीच लागलेला असतो, असे माझे मत आहे. दोष कोणत्या कामात, किती वेळाने आणि कोणत्या परिस्थितीत घडतो हे ग्राहकाने नेमके लिहून दिले आणि ते वाचून दुसऱ्या माणसाला तो दोष पुन्हा घडवता आला, तरच कार्ड बदलून मिळण्याची चांगली आशा असते. त्यामुळे पुढची सगळी तपासणी दोष दुरुस्त करण्यासाठी जितकी आहे, तितकीच तो सिद्ध करण्यासाठी आहे.

लक्षणे काय सांगतात

पडद्यावर रंगीत ठिपके, चौकोन किंवा रेघा दिसत असतील तर पहिली चाचणी अगदी साधी आहे. त्या दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाइलवर किंवा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. स्क्रीनशॉटमध्येही त्या खुणा असतील तर चित्र तयार होतानाच बिघडलेले आहे आणि संशय कार्डाच्या चिपवर, तिच्या मेमरीवर किंवा ड्रायव्हरवर जातो. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर केबल, मॉनिटर किंवा कार्डाच्या मागचे पोर्ट आधी तपासावेत. केबल बदलूनही अशा खुणा बायोसच्या पडद्यावर, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच दिसत असतील, तर विंडोजच्या ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही, कारण तो तोवर लोड झालेला नसतो. त्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा, कारण ‘ड्रायव्हर नव्याने टाकून पाहा’ या उत्तराला त्याहून चांगला पुरावा नाही.

दुसऱ्या प्रकारात पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा येतो. चिपने दिलेले काम दोन सेकंदांत पुरे केले नाही किंवा ते बाजूला ठेवले नाही, तर विंडोज तिला अडकलेली समजून ड्रायव्हर नव्याने सुरू करते. विंडोजच्या घडामोडींची नोंदवही असलेल्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये याची नोंद सहसा ४१०१ या क्रमांकाखाली सापडते. एका मिनिटात असे पाचपेक्षा अधिक वेळा घडले तर निळा पडदा येऊन संगणक थांबतो. ही दोन सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या यादीत, वाढवण्याचा सल्ला अनेक जण देतात. दीर्घ गणना करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी तो योग्यही असतो, परंतु बिघडत चाललेल्या कार्डावर त्याचा परिणाम एवढाच होतो की दोष झाकला जातो आणि वॉरंटीचे महिने निघून जातात.

तिसऱ्या प्रकारात पडदा काळा होतो, कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरू लागतात आणि तरीही गाण्याचा किंवा कॉलचा आवाज चालूच राहतो. संगणक जिवंत आहे, पण कार्डाचा त्याच्याशी संपर्क तुटला आहे, असा याचा अर्थ. लिनक्सवर एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीचे कार्ड असेल तर अशा वेळी कर्नलच्या नोंदींत ‘एक्सआयडी ७९’ हा क्रमांक दिसतो आणि कार्ड बसवरून, म्हणजे त्याला मदरबोर्डाशी जोडणाऱ्या मार्गावरून, नाहीसे झाल्याचे तो सांगतो. याउलट संपूर्ण संगणकच एका झटक्यात बंद पडत असेल, तर कार्डापेक्षा एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, आधी संशय घ्यावा. त्यानंतर दिसणारी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद संगणक नीट बंद झाला नव्हता एवढेच सांगते, कारण सांगत नाही. तिचा फोटो तक्रारीला जोडून फारसे काही साधत नाही.

कार्डाला दोष देण्यापूर्वी

कार्डाला मदरबोर्डाच्या स्लॉटमधून कमाल ७५ वॉट, सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॉट आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॉट वीज घेण्याची मुभा असते. कार्डावर आठ पिनांच्या दोन जोडण्या असताना एकाच केबलची दोन तोंडे दोन्हीकडे लावलेली अनेक ठिकाणी पाहायला मिळतात. आधुनिक कार्डे काही मिलिसेकंदांपुरती सरासरीच्या कितीतरी अधिक वीज ओढतात, त्यामुळे प्रत्येक जोडणीला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल लावावी आणि मगच पुढची तपासणी करावी. १२ व्होल्टच्या पुरवठ्याची पारंपरिक मर्यादा ११.४ ते १२.६ व्होल्ट आहे. अनेक कार्डे स्वतःच हा आकडा सेन्सरद्वारे दाखवतात, त्यामुळे जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून पूर्ण भार पडल्यावर तो किती खाली जातो ते पाहावे. सेन्सरचा आकडा मल्टिमीटरइतका विश्वासार्ह नसतो, तरी भार पडताच तो ११.४ च्या खाली जात असेल तर एसएमपीएस बदलून पाहिल्याशिवाय कार्डावर आरोप करू नये.

सोळा पिनांची नवी जोडणी असलेल्या कार्डांची गोष्ट वेगळी आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड बाजारात आले आणि लवकरच त्याच्या जोडणीचे प्लास्टिक वितळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. जोडणी पूर्ण आत न बसणे हे त्यातील एक सामायिक कारण असल्याचे एनव्हिडियाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सांगितले. पुढे या जोडणीची सुधारित आवृत्ती आली आणि तिच्यात जोडणी अर्धवट बसल्यास वीजपुरवठा सुरूच होऊ नये म्हणून संवेदक पिना आखूड केल्या गेल्या. आपल्या कार्डाची जोडणी तपासताना तिच्यावर तपकिरी डाग किंवा मऊ पडलेले प्लास्टिक दिसले तर चाचणी तिथेच थांबवावी, केबल ओढाताण करून काढू नये आणि त्याच स्थितीत फोटो घ्यावेत.

घराच्या वायरिंगकडेही पाहणे आवश्यक आहे. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण अर्थिंगची तार मागे कुठेच जोडलेली नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

आता एका अशा गोंधळाविषयी, ज्यात चांगली ग्राफिक्स कार्डे विनाकारण परत पाठवली गेली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या श्रेणीतील डेस्कटॉप प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष होता. अनरियल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणारे गेम सुरू करताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी आहे’ अशा अर्थाचा संदेश येई आणि साहजिकच लोक ग्राफिक्स कार्डाला दोष देत. प्रत्यक्षात कार्डावर भरपूर मेमरी मोकळी असे. प्रोसेसरकडून वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजची मागणी होत असल्याचे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले, बायोसमार्फत मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांच्या, सुधारणा दिल्या आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत त्यांनी बायोस अद्ययावत करून मगच कार्डाकडे वळावे. रॅमचा वेग बायोसमधील एक्सएमपी किंवा एक्सपो ही तयार सेटिंग वापरून वाढवलेला असेल तर तपासणीपुरता तोही मूळ स्थितीत आणावा, कारण अस्थिर रॅममुळे होणारे बिघाड वरवर पाहता हुबेहूब कार्डाच्या बिघाडासारखे दिसतात.

ड्रायव्हरची शंका एकदाच आणि नीट फेडून घ्यावी. इंटरनेट तोडावे, म्हणजे विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घालणार नाही. सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, वापरून जुना ड्रायव्हर समूळ काढावा आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून ठेवलेला ड्रायव्हर टाकावा. एकदा ताज्या आणि एकदा काही महिने जुन्या आवृत्तीवर तोच दोष घडला, तर ही शाखा बंद झाली असे समजावे आणि दोन्ही आवृत्त्यांचे क्रमांक लिहून ठेवावेत.

कार्ड काढताना संगणकाची मुख्य वीज बंद करून प्लग काढावा आणि कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण तो मुलामा अतिशय पातळ असतो आणि घासल्याने तो झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले, धागे न सोडणारे फडके पुरेसे आहे. कार्ड उभे बसवण्यासाठी रायझर केबल वापरली असेल तर ती काढून कार्ड थेट स्लॉटमध्ये लावावे. बायोसमध्ये त्या स्लॉटचा वेग चौथ्या पिढीवरून तिसऱ्या पिढीवर आणल्यावर दोष थांबत असेल, तर रायझर, स्लॉट किंवा कार्डाच्या त्याच जोडणीत खोट आहे.

तापमानाच्या आकड्यांत सरासरी तापमानापेक्षा हॉटस्पॉटचे, म्हणजे चिपवरील सर्वांत तप्त जागेचे, तापमान अधिक बोलके असते. या दोहोंत दहा-पंधरा अंशांचे अंतर सामान्य आहे. ते तीस अंशांच्या आसपास जाऊ लागले तर चिप आणि तिची उष्णता शोषणारा धातूचा हीटसिंक यांच्यामधली पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही, असे मी मानतो. वॉरंटी शिल्लक असेल तर हीटसिंक स्वतः उघडू नये. स्क्रूवरचे सील तुटले की पुढचा सगळा वाद त्या सीलभोवतीच फिरत राहतो.

अदलाबदल हाच निर्णायक पुरावा

एवढे करूनही दोष उरला तर दोन्ही बाजूंनी अदलाबदल करावी. संशयित कार्ड दुसऱ्या, भरवशाच्या संगणकात लावावे आणि दुसरे चांगले कार्ड आपल्या संगणकात लावावे. दोष कार्डाबरोबर दुसऱ्या संगणकात गेला आणि आपला संगणक दुसऱ्या कार्डावर तेच काम निर्धोक करू लागला, तर प्रश्न मिटतो. यांपैकी एकच अर्धी चाचणी केली तर एसएमपीएसची पळवाट उघडी राहते. मित्राकडे तेवढ्या ताकदीचा संगणक नसेल तर ओळखीच्या दुकानदाराला दुरुस्तीचे शुल्क देऊन ही चाचणी करून घ्यावी आणि निष्कर्ष त्याच्या पावतीवर लिहून घ्यावा.

माझ्या व्हिडिओ संपादनाच्या संगणकातील कार्ड वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारात मोडत होते. लांब व्हिडिओ एक्सपोर्ट करताना अर्धा तास सरला की पडदा काळा होई, पंखे गरजू लागत आणि आवाज मात्र चालू राही. सेवा केंद्राने पहिल्यांदा ते निर्दोष ठरवून परत केले. त्यांच्या दृष्टीने त्यात खोटे काही नव्हते. तिथे कार्ड उघड्या टेबलावर, वातानुकूलित खोलीत ठेवून थोडा वेळ चाचणीचे सॉफ्टवेअर चालवले जाते, आणि माझ्या कार्डाचा दोष बंद कॅबिनेटमध्ये ते पूर्ण तापल्यावरच उमटत होता.

अशा दोषामागे अनेकदा सोल्डरच्या सूक्ष्म भेगा असतात. चिप, तिच्याखालची पट्टी आणि मुख्य बोर्ड ही तिन्ही तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि त्यांना जोडणाऱ्या सोल्डरच्या बारीक गोळ्यांवर दररोज ताण येतो. एखाद्या गोळीला भेग पडली की थंड असताना संपर्क टिकतो आणि तापल्यावर सुटतो. हा प्रश्न जुना आहे. २००८ साली एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिपांच्या जोडणीच्या सदोष साहित्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरच्या तरतुदीची घोषणा केली होती. अशा कार्डाला हीटगनने किंवा ओव्हनमध्ये तापवण्याचा उपाय सांगितला जातो. त्याने भेग काही काळ मिटली तरी कायमची भरत नाही, इतर सुटे भाग निकामी होतात आणि वॉरंटी हमखास जाते. वॉरंटीत असलेल्या कार्डावर हा प्रयोग करू नये, हे मी कळकळीने सांगतो.

आणखी एक सापळा आहे. कार्डाचा वेग सॉफ्टवेअरमधून ५०-१०० मेगाहर्ट्झने कमी केला की पुष्कळदा दोष थांबतो आणि माणूस त्यावर समाधान मानतो. निदानासाठी ही चाचणी जरूर करावी, पण तिचा अर्थ नीट ओळखावा. खोक्यावर छापलेल्या वेगाने चालू न शकणारे कार्ड सदोषच असते. असा दोष बहुधा वाढत जातो, आणि तो असह्य होईपर्यंत वॉरंटी संपलेली असू शकते.

सेवा केंद्राला काय द्यावे

दुसऱ्या खेपेला मी कार्डासोबत एक पानाचे निवेदन दिले आणि त्यानेच फरक पडला. त्याचा नमुना असा : “कार्ड थंड असताना दोष दिसत नाही. बंद कॅबिनेटमध्ये, खोलीचे तापमान सुमारे तीस अंश असताना, पूर्ण भार सलग तीस ते चाळीस मिनिटे ठेवल्यावर पडदा काळा होतो, पंखे पूर्ण वेगाने फिरतात, आवाज चालू राहतो. पुन्हा लगेच सुरू केल्यास दोष काही मिनिटांतच घडतो. ड्रायव्हरच्या दोन आवृत्त्यांवर आणि दोन वेगवेगळ्या संगणकांत, वेगवेगळ्या एसएमपीएसवर हाच अनुभव आला. माझ्या संगणकात दुसरे कार्ड त्याच कामात व्यवस्थित चालते. कृपया चाचणी किमान एक तास, उष्णता कोंडेल अशा स्थितीत करावी.” या निवेदनात राग नाही, अंदाज नाही आणि ‘कार्ड खराब आहे’ हे वाक्यही नाही. तपासणाऱ्या माणसाला काय करायचे तेवढे त्यात आहे.

सोबत एकसलग चित्रित केलेला व्हिडिओ असावा. त्यात प्रथम कार्डाच्या मागचा अनुक्रमांक स्पष्ट दिसावा, मग सेन्सरचे आकडे आणि घड्याळ दिसावे आणि मग दोष घडताना दिसावा. चित्रीकरण मध्ये तोडले तर तो दुसऱ्याच कार्डाचा असल्याची शंका घेता येते.

जॉबशीटकडे, म्हणजे कार्ड जमा केल्याच्या सेवा केंद्राच्या नोंदपत्राकडे, मात्र निवेदनाइतकेच लक्ष द्यावे. कार्ड हाती देताना त्याच्या दोन्ही बाजूंचे, पोर्टचे आणि सोनेरी पट्ट्यांचे फोटो काढावेत आणि ‘भौतिक नुकसान नाही, गंज नाही, सील शाबूत’ हे शब्द जॉबशीटवर लिहून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. बहुतेक वॉरंटींत जळणे, मोडणे आणि गंजणे वगळलेले असते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, मुंबई, गोवा अशा किनारी भागांत खारट दमट हवेने पोर्टच्या पत्र्यावर डाग पडतात, आणि ग्राफिक्स चिपशी संबंध नसलेला असा डागही नकाराचे कारण होऊ शकतो. कुरियरने पाठवायचे असल्यास कार्ड स्थिर वीज रोखणाऱ्या पिशवीत आणि मूळ खोक्यात घालावे. साधे बुडबुड्यांचे प्लास्टिक थेट कार्डाभोवती गुंडाळू नये, त्यातून स्थिर वीज निर्माण होते.

बिलावर कार्डाचा अनुक्रमांक छापलेला असणे फार महत्त्वाचे आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारात खरेदी असो वा ऑनलाइन, जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर अनुक्रमांक नसेल तर खरेदीच्या वेळीच दुकानदाराकडून तो लिहून, शिक्का मारून घ्यावा. भारतातील अधिकृत वितरकामार्फत न आलेल्या मालाला इथे वॉरंटी नाकारली जाण्याचा धोका असतो.

नकार आल्यास

तोंडी नकार स्वीकारू नये. कारण लिहून मागावे आणि पुढचा सारा व्यवहार ईमेलवर करावा. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला जॉबशीटचा क्रमांक, निवेदन आणि व्हिडिओ पाठवून उत्तरासाठी वाजवी मुदत द्यावी. तरीही काही घडले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ही पायरी खटल्यापूर्वीची आहे आणि विनाशुल्क आहे.

त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असलेल्या वस्तूंची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात ती दाखल करता येते, त्यामुळे विक्रेता दिल्लीचा असला तरी साताऱ्याच्या माणसाला साताऱ्यातच दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि ई-जागृती या पोर्टलवरून ती ऑनलाइन करता येते. दोष प्रयोगशाळेतील चाचणीशिवाय ठरवणे शक्य नसेल तर आयोग ती वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. दोष सिद्ध झाल्यास दुरुस्ती, बदली किंवा किंमत परत करण्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देता येतो.

व्हिडिओ संपादन, त्रिमिती आराखडे किंवा छायाचित्रण यांवर पोट असलेल्यांना ‘तुम्ही कार्ड व्यवसायासाठी घेतले, तुम्ही ग्राहकच नाही’ असे उत्तर मिळू शकते. कायद्यात व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळलेली आहे, हे खरे. परंतु स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी विकत घेऊन स्वतः वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही, हे स्पष्टीकरणही त्याच व्याख्येत आहे. एकट्याने काम करणाऱ्याने तक्रारीच्या पहिल्या परिच्छेदातच हे नमूद करावे.

बदली कार्ड मिळाल्यावर ते काउंटरवरच खोक्यातून काढून पाहावे. बदलून मिळणारे कार्ड अनेकदा दुरुस्त केलेले असते. वॉरंटीच्या अटींत तशी मुभा असेल तर त्याला हरकत घेता येत नाही, पण ते मूळ कार्डाच्या तोडीचे आहे ना, एवढी खात्री करण्याचा हक्क आपला आहे. घरी आणताच ज्या कृतीने जुन्या कार्डाचा दोष घडत होता, तीच कृती नव्या कार्डावर पूर्ण वेळ करून पाहावी. नव्या कार्डाचा अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळणार नाही. म्हणून जुना क्रमांक, नवा क्रमांक आणि उरलेल्या वॉरंटीची अंतिम तारीख ही तिन्ही एकाच कागदावर सेवा केंद्राच्या शिक्क्यासह घ्यावीत आणि तो कागद मूळ बिलाला जोडून ठेवावा.